टक्के कमी झाले, पगार थांबला: दिव्यांगांनी दाद कोणाकडे आणि कशी मागावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील घरांत दिव्यांगांच्या मासिक पेन्शनला सर्रास ‘पगार’ म्हणतात. कागदावर त्याच रकमेचे नाव ‘अंगविकल वेतन’ किंवा ‘मासाशन’ असे असते. हा पगार एखाद्या महिन्यात जमा होत नाही, किंवा दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची मुदत संपून नव्या तपासणीत टक्के कमी लागतात, आणि त्या दिवसापासून घरातल्या कोणाची तरी धावपळ सुरू होते. ही धावपळ मी जवळून पाहत आलो आहे. तिच्यातला सर्वांत मोठा वेळ चुकीच्या दारात उभे राहण्यात जातो. टक्क्यांची तक्रार तहसीलदारांकडे नेली जाते, बँकेतला घोटाळा डॉक्टरांना सांगितला जातो, आणि प्रत्येक ठिकाणी ‘हे आमच्याकडे नाही’ एवढेच उत्तर मिळते. ते उत्तर अनेकदा खरेही असते.

कारण पगारामागे तीन वेगवेगळे निर्णय असतात आणि ते तीन वेगवेगळ्या यंत्रणा घेतात. दिव्यांगत्व किती टक्के आहे हे सरकारी रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी किंवा मंडळ ठरवते. त्या टक्क्यांच्या, उत्पन्नाच्या आणि रहिवासाच्या आधारे पेन्शन मंजूर करायची, चालू ठेवायची की थांबवायची, हे महसूल खाते, म्हणजे प्रत्यक्षात तहसीलदार, ठरवतात. मंजूर झालेली रक्कम कोणत्या खात्यात पोचणार हे आधार आणि बँक यांच्या जोडणीवर अवलंबून असते. आपला पगार या तीनपैकी कोणत्या टप्प्यावर अडला आहे, हे लेखी स्वरूपात हाती येत नाही तोवर कोणताही अर्ज अंधारात मारलेला दगड ठरतो.

टक्के कसे ठरतात

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानलेले आहेत, आणि बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते. कर्नाटकातील पेन्शनच्या दृष्टीने दोन आकडे निर्णायक आहेत. 2021 मध्ये झालेल्या वाढीनंतर 40 ते 75 टक्क्यांच्या टप्प्यात महिन्याला 800 रुपये मिळू लागले, तर 75 टक्क्यांवरील टप्प्याची रक्कम 1,400 रुपये आहे. त्यामुळे फेरतपासणीत 76 चे 72 झाले तर कागदावर चारच टक्के कमी झालेले दिसतात, पण घरात महिन्याला 600, म्हणजे वर्षाला 7,200 रुपये कमी येतात. 42 चे 38 झाले तर काहीच उरत नाही. याउलट 60 चे 52 झाले तर पेन्शनच्या रकमेत फरक पडत नाही. त्या घटीविरुद्ध झगडायचे की नाही, हे इतर सवलतींचा विचार करून शांतपणे ठरवता येते.

टक्के डॉक्टरांच्या मर्जीवर किंवा नजरेच्या अंदाजावर ठरत नाहीत. केंद्र सरकारने जानेवारी 2018 मध्ये प्रत्येक प्रकारासाठी मोजमापाचे सविस्तर निकष जाहीर केले आणि मार्च 2024 मध्ये ते सुधारले. हे निकष कधी कधी आपल्या अनुभवाशी जुळत नाहीत. एक डोळा पूर्ण गेलेला आहे आणि दुसऱ्याची दृष्टी चांगली आहे, अशा माणसाला 2018 च्या निकषांनुसार 30 टक्केच मिळतात. ज्याचा डोळा गेला त्याला हा उघड अन्याय वाटतो, आणि मला ते वाटणे समजते. पण डॉक्टरने निकषाप्रमाणेच 30 लिहिले असतील, तर ‘डॉक्टरने कमी लिहिले’ असे अपील टिकणार नाही.

मात्र याच माणसाला कानाने कमी ऐकू येत असेल तर चित्र बदलते. दोन दिव्यांगत्वे असतील तेव्हा त्यांची सरळ बेरीज होत नाही. मोठ्या आकड्याला ‘अ’ आणि लहान आकड्याला ‘ब’ म्हणा. 90 मधून ‘अ’ वजा करायचा, येईल त्याला ‘ब’ ने गुणायचे, 90 ने भागायचे आणि ते उत्तर ‘अ’ मध्ये मिळवायचे. डोळ्याचे 30 आणि कानाचे 20 असतील तर 90 वजा 30 म्हणजे 60, त्याला 20 ने गुणून 1,200, भागिले 90 म्हणजे सुमारे 13, आणि 30 अधिक 13 म्हणजे 43. एकेकटे कोणतेच दिव्यांगत्व 40 पर्यंत पोचत नव्हते, दोन्ही मिळून ते ओलांडतात. आपल्याकडे अर्ज भरताना सेवा केंद्रातला मुलगा एकच प्रकार निवडून पुढे जातो, आणि दुसऱ्या दिव्यांगत्वाची तपासणीच होत नाही. टक्के कमी लागल्याची तक्रार करण्याआधी सगळी दिव्यांगत्वे अर्जात लिहिली होती का, हे पाहावे.

हाता-पायांच्या दिव्यांगत्वात सांध्याची हालचाल, स्नायूंची ताकद, अवयवाची लांबी आणि रोजच्या कामातील क्षमता मोजली जाते. मानसिक आजारात स्वतःची काळजी घेणे, इतरांशी संबंध ठेवणे, संवाद साधणे आणि काम करणे अशा चार क्षेत्रांत गुण दिले जातात, आणि आजार किती काळ आहे हेही धरले जाते. येथे रुग्णाबरोबर राहणाऱ्या माणसाचे म्हणणे फार मोलाचे ठरते. तपासणीच्या दिवशी औषधाच्या परिणामामुळे शांत बसलेला माणूस घरी आठवडाभर अंघोळ करत नाही, हे त्याच्या आईने किंवा पत्नीने सांगितल्याशिवाय डॉक्टरांना कळायला मार्ग नाही.

फेरतपासणी का होते

आजार किंवा व्यंग बदलण्याची शक्यता नसेल तर प्रमाणपत्र कायमचे दिले जाते. बदलाची शक्यता असेल तर मुदतीचे मिळते आणि त्यावर मुदत लिहिलेली असते. कन्नडमध्ये कायमसाठी ‘शाश्वत’ आणि मुदतीच्यासाठी ‘तात्कालिक’ हे शब्द वापरतात. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांचे प्रमाणपत्र 2018 च्या निकषांनुसार 5, 10 आणि 18 वर्षे या वयांत नव्याने करावे लागते, आणि 18 व्या वर्षी मिळालेले आयुष्यभर चालते. अभ्यासातील विशिष्ट अक्षमतेची तपासणी 8 व्या वर्षानंतर होते आणि पुढे 14 व 18 व्या वर्षी पुन्हा करायची असते. या वयांच्या नोंदी घरातील कॅलेंडरवर करून ठेवाव्यात. मुदत संपली की संगणकात प्रमाणपत्र निर्जीव होते आणि मुलाची अवस्था तीच असतानाही पगार थांबू शकतो.

1 जून 2021 पासून दिव्यांगत्वाची प्रमाणपत्रे यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या देशव्यापी ओळखपत्राच्या, संकेतस्थळावरूनच दिली जातात. त्या कार्डाला आपल्याकडे ‘स्मार्ट कार्ड’ किंवा ‘यूडीआयडी कार्ड’ म्हणतात. 2024 च्या सुधारित नियमांनी तपासणी करून प्रमाणपत्र देण्यासाठी तीन महिन्यांचा अवधी दिलेला आहे. म्हणून मुदत संपण्याआधी किमान चार महिने नूतनीकरणाचा अर्ज करावा. हा अर्ज ‘ग्राम वन’ किंवा ‘बेळगाव वन’ या सरकारी सेवा केंद्रांतून भरता येतो. गावपातळीवर मदतीसाठी कर्नाटकात ग्रामपंचायतीशी जोडलेले पुनर्वसन कार्यकर्ते असतात. लोक त्यांना ‘व्हीआरडब्ल्यू’ म्हणूनच ओळखतात, आणि तालुका पंचायतीत त्यांच्या वरचे ‘एमआरडब्ल्यू’ असतात. ते बहुधा स्वतः दिव्यांग असतात आणि तपासणी शिबिरे कधी, कोठे होणार हे सर्वांत आधी त्यांनाच कळते. खानापूरच्या जांबोटी किंवा कणकुंबी भागातून बेळगावच्या सिव्हिल रुग्णालयात यायचे म्हणजे पूर्ण दिवस जातो. तालुक्यातच शिबिर होणार असेल तर तो दिवस वाचतो, म्हणून आपल्या पंचायतीच्या कार्यकर्त्याचा नंबर घरात असावा.

तपासणीच्या दिवशी जुने प्रमाणपत्र, शस्त्रक्रियेचे आणि उपचाराचे कागद, क्ष-किरण चित्रे, श्रवण चाचणीचे अहवाल, चालू औषधांच्या चिठ्ठ्या हे सारे तारखेच्या क्रमाने लावून न्यावे. खासगी रुग्णालयातील कागद हरवले असतील तर ते मागण्याचा रुग्णाला हक्क आहे, आणि वैद्यक व्यावसायिकांच्या 2002 च्या नियमांनुसार मागणीनंतर 72 तासांत ते द्यावे लागतात. मेंदू किंवा मनाच्या आजारावर धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत उपचार झाले असतील तर तेथील कागद बरोबर असणे फार उपयोगी पडते.

आणखी एक गोष्ट मला आवर्जून सांगावीशी वाटते. आपल्या माणसांना सरकारी माणसासमोर आपले दुःख मांडायचा संकोच वाटतो. ‘चालता येते का?’ असे विचारले की ‘होय साहेब, येते की’ असे उत्तर येते. घरापासून विहिरीपर्यंत काठी टेकत, दोनदा बसत जाणे याला ‘चालता येते’ म्हणणे हा स्वाभिमान आहे, पण तपासणीत तो नुकसान करतो. किती पावले चालता येते, आधार कशाचा लागतो, जिना चढता येतो का, शौचाला कोणाची मदत लागते, महिन्यातले किती दिवस अंथरुणावर जातात, हे जसेच्या तसे सांगावे. वाढवूनही सांगू नये, कारण मोजमापात वाढवलेले लगेच उघडे पडते.

टक्क्यांविरुद्ध अपील

तपासणीनंतर प्राधिकाऱ्याने एकतर प्रमाणपत्र द्यावे लागते, नाहीतर अर्जदाराला विहित दिव्यांगत्व नाही हे लेखी कळवावे लागते. अधिनियमाचे कलम 58 तसे सांगते, आणि नियमांनुसार नकाराची कारणेही लेखी द्यायची असतात. ‘तुमचे होत नाही, जावा’ असे खिडकीवर तोंडी सांगणे हा कायद्याच्या दृष्टीने निर्णय नव्हे. निर्णय मान्य नसेल तर कलम 59 खाली राज्य सरकारने नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते. नकाराबरोबरच कमी टक्के आणि चुकीची मुदत हीही अपिलाची कारणे होऊ शकतात. नकार किंवा नवे प्रमाणपत्र मिळाल्याची तारीख कागदावर लिहून ठेवावी आणि महिन्याच्या आत अपील द्यावे. उशीर झाला तर उशिराचे कारण अर्जात नमूद करावे. अपील कोणाच्या नावे आणि कोणत्या टेबलावर द्यायचे, हे जिल्हा अंगविकल कल्याण अधिकाऱ्यांच्या कचेरीत लेखी विचारता येते.

अपिलात रागापेक्षा मोजमाप बोलले पाहिजे. ‘माझ्यावर अन्याय झाला’ हे वाक्य एकदा लिहावे आणि मग कशाची मोजणी राहिली किंवा चुकली ते सांगावे. जुन्या प्रमाणपत्रात 65 टक्के होते, मधल्या काळात कोणतीही सुधारणा झालेली नाही असे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र जोडले आहे, नव्या तपासणीत डाव्या पायाची लांबी मोजली गेली नाही, कानाची चाचणी झालीच नाही, अशा नेमक्या मुद्द्यांना उत्तर देणे अपील प्राधिकाऱ्याला भाग पडते. मूल्यमापनाच्या तक्त्याची प्रत मागावी. ती पाहिल्याशिवाय नेमकी चूक दाखवता येत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय शिक्षणातील प्रवेशाच्या एका प्रकरणात, केवळ टक्क्यांचा आकडा पुरेसा नाही आणि मूल्यमापन मंडळाने आपल्या निष्कर्षाची कारणे नोंदवली पाहिजेत, असे स्पष्ट केले. ते प्रकरण पेन्शनचे नव्हते. तरीही कारणे नोंदवण्याचा आग्रह धरताना त्याचा आधार घेता येतो.

टक्के तेच आहेत, तरी पगार थांबला

आता दुसरे दार. तहसीलदार कचेरी आणि नाडकचेरी (तहसीलदारांच्या हाताखालची स्थानिक महसूल कचेरी) येथे होणारी पडताळणी तब्येतीची नसते. लाभार्थी हयात आहे का, दिलेल्या पत्त्यावर राहतो का, कुटुंबाचे उत्पन्न मर्यादेत आहे का, एकाच व्यक्तीला दोन पेन्शन जात नाहीत ना, आणि प्रमाणपत्राची मुदत चालू आहे का, एवढे प्रश्न त्यात असतात. गावात ही चौकशी ग्राम आडळित अधिकारी करतात, ज्यांना आपण अजून तलाठीच म्हणतो. त्यांचा अहवाल कंदाय (महसूल) निरीक्षकांमार्फत वर जातो. चौकशीला आले तेव्हा माणूस पाहुण्यांकडे गेला होता, किंवा उपचारासाठी मुलीकडे कोल्हापूरला राहिला होता, एवढ्यावर ‘पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा पडू शकतो.

सीमाभागात याला नावांच्या गोंधळाची जोड मिळते. मराठी शाळेच्या दाखल्यावर ‘यल्लाप्पा’, आधारवर ‘यल्लप्पा’, रेशनकार्डावर नावापुढे वडिलांचे नाव, तर प्रमाणपत्रावर आडनाव, असे होते आणि संगणक या चौघांना चार माणसे समजतो. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत हे फारच घडते. मूळ आधार दुरुस्त करून इतर कागद त्याच्याशी जुळवून घेणे हा उपाय कंटाळवाणा असला तरी पक्का आहे.

पगार थांबल्यावर पहिले काम म्हणजे ‘हिंबरह’ मागणे. हा कन्नड शब्द आपल्या भागातील प्रत्येक मराठी माणसाने पाठ करावा असा आहे. हिंबरह म्हणजे कचेरीने अर्जाला दिलेले लेखी उत्तर, सहीशिक्क्याचे. त्याशिवाय अपील कशाविरुद्ध करायचे हाच प्रश्न उरतो. अर्ज साधा असावा: ‘अमुक महिन्यापासून माझे अंगविकल वेतन जमा झालेले नाही. ते कोणत्या आदेशाने, कोणत्या कारणासाठी आणि कोणत्या तारखेपासून थांबवले, याचे लेखी हिंबरह द्यावे. थांबवण्यापूर्वी मला नोटीस दिली असल्यास तिची प्रत व ती मला पोचल्याचा पुरावा द्यावा. माझी बाजू ऐकून वेतन पूर्ववत सुरू करावे आणि मधल्या महिन्यांची थकीत रक्कम द्यावी.’ दोन प्रती न्याव्यात, एकीवर तारखेसह पोच घ्यावी. पोच द्यायला नकार मिळाला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा. पोस्टाची पावती हीच मग पोच ठरते.

नोटिशीचा मुद्दा किरकोळ नाही. चालू असलेला लाभ काढून घेण्यापूर्वी माणसाला कारण कळवून त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, हे नैसर्गिक न्यायाचे मूलभूत तत्त्व आहे, आणि न्यायालये ते सातत्याने मानत आली आहेत. ज्याला नोटीसच मिळाली नाही, त्याच्या हाती पात्रतेच्या वादाआधीच एक भक्कम मुद्दा असतो.

हिंबरह कन्नडमध्ये येईल. लिपी वाचून घेतली तरी काही शब्द मराठी कानाला फसवतात. ‘परिशीलने’ म्हणजे अभ्यास नव्हे, पडताळणी. ‘तिरस्कृत’ वाचून अपमान वाटतो, पण त्याचा अर्थ अर्ज फेटाळला एवढाच. ‘आदाय’ म्हणजे उत्पन्न, ‘शेकडा’ म्हणजे टक्के, ‘अनर्ह’ म्हणजे अपात्र आणि ‘मेल्मनवी’ म्हणजे अपील. ‘स्थगित’ आणि ‘रद्दु’ यांतला फरक मात्र नीट पाहावा. स्थगित म्हणजे तात्पुरते थांबवलेले, जे कागद दिल्यावर पुन्हा सुरू होऊ शकते. रद्दु म्हणजे मंजुरीच काढून घेतलेली, आणि तिच्याविरुद्ध अपील करावे लागते.

तहसीलदारांच्या वर उपविभागाचे असिस्टंट कमिशनर असतात. जिल्ह्यात बेळगाव, बैलहोंगल आणि चिकोडी असे उपविभाग आहेत. तहसीलदारांच्या निर्णयाविरुद्धचे म्हणणे त्यांच्याकडे नेता येते. नवा अर्ज केला असेल आणि त्यावर मुदतीत निर्णयच होत नसेल, तर 2011 चा सकाल कायदा उपयोगी पडतो. या कायद्याखाली प्रत्येक अर्जाला क्रमांक मिळतो, विलंबाविरुद्ध वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते, आणि विलंबाच्या प्रत्येक दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500 रुपये भरपाईची तरतूद आहे. भरपाईची रक्कम लहान आहे, पण ती विलंब करणाऱ्याच्या नावावर लागते, म्हणून कचेरीत तिची दखल घेतली जाते. फोनवरून तक्रार नोंदवायची असेल तर राज्याच्या जनस्पंदन यंत्रणेचा क्रमांक 1902 आहे. महसूल खात्याच्या पेन्शनसाठी 155245 हा क्रमांक आहे. फोनवर मिळालेला तक्रार क्रमांक लगेच लिहून घ्यावा.

बँकेचे दार

हा भाग छोटा आहे, पण येथे अडलेले लोक कमी नाहीत. आधारवर आधारित जमा रक्कम पासबुकावरचा खाते क्रमांक पाहून जात नाही. ज्या बँकेशी आधार सर्वांत शेवटी जोडला गेला, तेथे ती जाते. महिलांच्या गृहलक्ष्मी योजनेसाठी, पीक कर्जासाठी किंवा स्वयंसहायता गटासाठी नवे खाते उघडताना आधार जोडला गेला असेल, तर पगार त्या खात्यात साठत असू शकतो. म्हणून कचेरीत जाण्याआधी घरातल्या साऱ्या खात्यांची पासबुके भरून घ्यावीत आणि आधार सध्या कोणत्या बँकेशी जोडलेला आहे ते तपासून घ्यावे.

सीमेपलीकडचा कागद

आपल्यापैकी अनेकांचे उपचार कोल्हापूर, मिरज, गडहिंग्लज येथे होतात. ‘महाराष्ट्राचे प्रमाणपत्र येथे चालणार नाही’ हे वाक्य त्यामुळे वारंवार ऐकू येते. कलम 58 मध्ये स्वच्छ लिहिले आहे की या कायद्याखाली दिलेले प्रमाणपत्र देशभर वैध असते. केंद्राच्या 2017 च्या नियमांनीही अर्जदाराला आपल्या रहिवासाच्या जिल्ह्यात किंवा ज्या सरकारी रुग्णालयात उपचार झाले तेथे अर्ज करण्याची वाट ठेवली होती. तेव्हा असे उत्तर मिळाले तर वाद न घालता तेच हिंबरहात लिहून मागावे. लिहून द्यायची वेळ आली की पुष्कळदा उत्तर बदलते.

पेन्शनचे तसे नाही. प्रमाणपत्र देशाचे असते, पण पेन्शन राहत्या राज्याची असते. महाराष्ट्रातील संजय गांधी निराधार योजनेसाठी त्या राज्यात किमान 15 वर्षांचा रहिवास लागतो. चंदगड किंवा कागल तालुक्यातील नातेवाइकाच्या पत्त्यावर तेथेही अर्ज करून दोन्हीकडून रक्कम घेणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो की हे करू नका. आधारच्या जुळवणीत ते उघड होते आणि दिलेली रक्कम वसूल केली जाते. शिवाय दिव्यांगांसाठीचा लाभ फसवणुकीने घेणाऱ्यास कलम 91 खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मात्र चूक कचेरीची असेल आणि तुम्ही काहीही लपवले नसेल, तर वसुलीची नोटीस आली म्हणून घाबरून पैसे भरू नयेत. रकमेचा महिनावार हिशेब मागावा, फसवणूक नव्हती हे लेखी कळवावे आणि वसुली मान्यच करावी लागली तर हप्ते मागावेत.

मराठीत अर्ज करता येतो का

येतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 नुसार कोणत्याही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, तेथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क आहे, आणि बेळगाव जिल्ह्यात मराठी वापरात आहे हे सिद्ध करण्याची गरज नाही. तरीही माझा सल्ला असा की मूळ मराठी अर्जाबरोबर कन्नड अनुवाद जोडावा. हक्क आपलाच आहे, पण फाईल ज्या टेबलांवरून जाणार तेथे ती वाचली जाणे हे पगार अडलेल्या माणसाच्या हिताचे आहे. शेजारी कन्नड शाळेत शिकणारे मूल असते, व्हीआरडब्ल्यू असतात. त्यांच्याकडून अर्ध्या तासात हे काम होते.

माहितीच्या अधिकाराला वेगळा नियम आहे. त्या कायद्यात अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो, म्हणजे येथे कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीत. कर्नाटकाच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांपर्यंतचा असावा लागतो. शुल्क 10 रुपये आहे आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते लागत नाही. लिहिता न येणाऱ्याचा तोंडी अर्ज लिहून घेण्यास माहिती अधिकाऱ्याने मदत करायची असते. आपल्या मूल्यमापनाचा तक्ता, पेन्शन थांबवण्याचा आदेश, चौकशी अहवाल आणि त्यावरील शेरे यांच्या प्रती मागाव्यात. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते आणि उत्तर न आल्यास पुढील 30 दिवसांत पहिले अपील करता येते.

तरीही काही झाले नाही तर

अधिनियमाच्या कलम 79 खाली राज्याचे दिव्यांग व्यक्ती आयुक्त नेमलेले असतात. त्यांची कचेरी बेंगळूरला आहे, पण तक्रार पोस्टाने पाठवता येते. त्यांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. आयुक्तांनी शिफारस केली तर संबंधित खात्याने त्यावर कारवाई करून तीन महिन्यांत कळवायचे असते, आणि शिफारस मान्य नसेल तर त्याची कारणेही द्यायची असतात. तक्रारीला हिंबरह, पोच आणि अपिलाची प्रत जोडलेली असेल तर काम सरळ होते. हे कागद गोळा करण्याचा आग्रह मी सुरुवातीपासून धरतो तो यासाठीच.

वकिलाच्या फीची चिंता करण्याचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 नुसार दिव्यांग व्यक्तीला मोफत कायदेविषयक मदत मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुका न्यायालयांत तालुका समित्या असतात. देशभर चालणारा फोन क्रमांक 15100 आहे. अगदी शेवटी उच्च न्यायालयात रिट अर्ज करता येतो. त्यासाठी बेंगळूरला जावे लागत नाही, कारण उत्तर कर्नाटकासाठीचे खंडपीठ धारवाडला आहे.

एक गोष्ट वैयक्तिक अर्जात बसत नाही, पण आयुक्तांपुढे मांडण्यासारखी आहे. अधिनियमाच्या कलम 24 मध्ये असे म्हटले आहे की दिव्यांगांना मिळणारे साहाय्य इतरांसाठीच्या तशाच योजनांपेक्षा किमान 25 टक्के जास्त असले पाहिजे. 2021 च्या वाढीनंतर विधवा वेतन 800 झाले, वृद्धांची संध्या सुरक्षा पेन्शन 1,200 झाली, आणि 40 ते 75 टक्क्यांच्या दिव्यांगांचे वेतनही 800 झाले. हे 25 टक्के कोठे गेले, हा प्रश्न एकट्याने विचारण्यापेक्षा गावातील दिव्यांगांनी मिळून, सह्यांनिशी विचारावा.

पगार पुन्हा सुरू झाल्यावर फाईल लगेच बांधून ठेवू नये. पहिल्या जमेची नोंद पासबुकात पाहावी आणि थांबलेले किती महिने होते, त्यांपैकी किती महिन्यांची रक्कम आली, हे मोजावे. पुष्कळ वेळा चालू महिन्यापासूनची रक्कम सुरू होते आणि मागची थकबाकी कोणाच्याच लक्षात राहत नाही. ती राहिली असेल तर त्याच अर्जाचा क्रमांक आणि तारीख देऊन, राहिलेल्या महिन्यांची नावे लिहून, तहसीलदारांकडे दुसरा अर्ज द्यावा आणि त्याचेही हिंबरह मागावे.